डावा कान

लाइट आली तेव्हा आत्माराम पिंकीचा हात धरून जिना उतरत होता. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, दुपारपासूनचं लोडशेडिंग संपायची वेळ झाली होती. शेजारच्या विनिताने, "काका, हिला जरा खाली सोडता का? हिची आजी गेटापाशी उभी आहे," असं म्हणून पाच वर्षांच्या पोरीला त्याच्या हवाली केलं होतं. पिंकी अंधारात पायऱ्या मोजत होती. तिला वीसपर्यंत येत होतं, पण मधले तेरा-चौदा ती बिनधास्त गाळायची. "अकरा, बारा, पंधरा…" आणि तेवढ्यात जिन्यातली ट्यूब दोनदा लुकलुकून पेटली, आणि चंदनसारच्या त्या चारही बिल्डिंगांतून, गॅलऱ्यांतून, खालच्या मोकळ्या जागेतून एकदम आरोळी उठली, "आलीऽऽऽ!" रोजच उठायची. नवरी मांडवात आल्यासारखी सगळ्यांना लाइटची अपूर्वाई. आत्मारामची उजवी मूठ मात्र मिटली. त्याने मिटली नाही हो, ती मिटली. आत पिंकीची बोटं होती. पोरगी आधी "काका" म्हणाली, मग किंचाळली. आत्माराम स्वतःच्या हाताला सांगत होता, सोड, अरे सोड तिला. हात कुठला ऐकतोय! शेवटी डाव्या हाताने त्याने उजव्याचं एकेक बोट उलगडलं. पिंकीची बोटं आधी पांढरी होती, मग लालबुंद झाली. विनिता धावत आली, पोरीला उचललं, आणि म्हणाली, "असू दे हो काका. होतं कधीकधी." तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मात्र तो जिन्यात दिसला की विनिता हळूच म्हणायची, "पिंकी, इकडे ये," आणि दार लागायचं.

हात असा मिटायला लागून आठ वर्षं झाली होती. हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले, बोरिवलीच्या एका मोठ्या डॉक्टरने बोटांना सुया टोचून तारा लावून पाहिलं. सगळ्यांचं एकच, हाताला काही झालेलं नाही. मग कोणाला झालंय, असं विचारावंसं त्याला वाटायचं, पण फी देऊन झाल्यावर असले प्रश्न कोण विचारतो? तेलं झाली, शेक झाले. बायको इथे होती तेव्हा ती रात्री जेवणं उरकल्यावर हात मांडीवर घेऊन चोळत बसायची. आता चंद्रकांता नाशिकला होती, मुलीकडे. रुचिताला मुलगा झाला होता, आयुष नाव ठेवलं. बारशाला आत्माराम गेला नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. तसं खोटंही नव्हतं. महिन्याभराचं पोर कोणीतरी कौतुकाने आजोबांच्या हातात देणार, आणि तेवढ्यात लाइट जाऊन येणार. पिंकीची बोटं पाहिल्यापासून तर त्याला तेच दिसायचं. तो पिठलं-भात करायचा, ओट्याशी उभ्यानेच जेवायचा, एक ताट धुवायचा. चार खोल्यांतल्या कुठल्याही खोलीत त्याला कोणी हाक मारणारं नव्हतं, आणि आपल्याला असंच राहायचं आहे याची त्याने मनाशी सवय करायला घेतली होती.

फोन मात्र वाजायचा. चंद्रकांताने जाताना एक युक्ती काढली होती. दोन रिंग, बंद, मग पुन्हा रिंग, म्हणजे ती. का, कशासाठी, हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने विचारलं नाही. आपला नवरा मुलीशी फोनवर बोलत नाही, समोर असली की बोलतो, हसतो, पण फोनवर नाही, इतकं तिला कळलं होतं. पूर्वी रुचिताचा फोन आला की तो हातानेच खूण करायचा, आंघोळीला गेलोय म्हणून सांग. दिवसातून चार चार आंघोळी झाल्या त्याच्या अशा. आता खूण कोणाला करणार? रुचिताचा फोन सलग वाजत राहायचा. दहा, अकरा, बारा. तो समोर खुर्चीत बसून मोजायचा. एकदा चंद्रकांता दोन रिंगांवाल्या फोनवर म्हणाली, "पोरगी काल रडली हो. म्हणते, बाबांना मी नकोच आहे. मी काय सांगू तिला?" "ऐकताय ना?" तिने विचारलं. तो ऐकत होता. उजव्या कानाने.

झालं होतं ते तसं साधं होतं, कागदावर तर फारच साधं. बोईसरकडच्या एका कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये तो शिफ्ट ऑपरेटर होता. नियम असा की खांबावर चढणाऱ्याने ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, ऑपरेटरने लाइन बंद करून हँडलला लाल पाटी अडकवायची, आणि परमिट सहीनिशी परत येईपर्यंत त्या हँडलला शिवायचं नाही. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमधली दुपार. कॉलनीची लाइन दुरुस्तीला बंद होती. फोरमनने परमिट नेलं, आणि त्याच कागदावर पलीकडच्या खांबावर त्याच्या हाताखालचा शत्रुघ्न चढला. एका परमिटवर दोघं, हे नेहमीचंच होतं. दुसरा कागद करायला ऑफिसपर्यंत कोण जाणार? सगळ्यांना माहीत होतं, आत्मारामलाही होतं. कॉलनीतून सारखे फोन येत होते, लाइट कधी येणार, लाइट कधी येणार. फोरमनने परमिट आणून दिलं, सही केली, तो हात धुवायला गेला. आत्मारामने पाटी काढली, हँडल वर केलं. शत्रुघ्न अजून वरच होता. बावीस वर्षांचा पोरगा. खांबाच्या बुंध्याशी त्याच्या नव्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. चौकशी झाली, तीन साहेब आले, चहा झाला. परमिट परत आलेलं, वेळ लिहिलेली, सही स्वच्छ. ऑपरेटर निर्दोष, असं त्याला लेखी मिळालं. चंद्रकांताने गणपतीला नारळ फोडला. तो कागद अजून फाइलमध्ये होता, पण हाताने त्या कागदावर विश्वास ठेवला नव्हता. तीन वर्षं त्याने कशीबशी डाव्या हाताने हँडलं ओढली, मग नोकरी सोडली आणि इथे चंदनसारला, जिथे कोणी ओळखत नाही तिथे, फ्लॅट घेतला.

वटार गावच्या रेजिनाबाईंचं नाव त्याला विनितानेच सांगितलं, दार अर्धं उघडं ठेवून. मुंबईच्या हॉस्पिटलात तीस वर्षं त्या लोकांचे हातपाय हलवायला शिकवत होत्या, आता निवृत्त होऊन आपल्या वाडीत राहत होत्या. स्टेशनच्या पश्चिमेकडून एसटीने तो गेला. केळी, नारळ, मधे पानवेलीचा हिरवा काळोख, आणि ओट्यावर चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या एक काटक बाई. त्यांनी हात पाहिला, उलटा केला, सोडून दिला. "आत्मारामभाऊ, चटईवर पडा. डोळे मिटा. आता सांगा, उजव्या पायाचा अंगठा कुठं आहे?" तो गोंधळला. "कुठं म्हणजे? पायाला आहे." रेजिनाबाई खळखळून हसल्या. "ते मलापण दिसतंय. तुम्हाला आतून कळतो का? गार आहे, गरम आहे, जड आहे?" आत्माराम शोधत राहिला. कमाल आहे! गुडघ्याखाली त्याचं काही नव्हतंच. चोपन्न वर्षं ज्या पायांवर उभा होता त्यांचा पत्ता लागत नव्हता. आपण हाताला बरं करायला आलो आणि ही बाई अंगठा काय शोधायला लावते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मनात म्हणत तो परत आला. पण दोन दिवसांनी पुन्हा गेला. घरी तरी कोण वाट बघत होतं?

मग तो जातच राहिला. एप्रिल संपला, मे लागला. चटईवर पडायचं आणि अंगातून हळूहळू फिरायचं, पावलं, पोटऱ्या, कंबर, बरगड्या, श्वास कुठपर्यंत जातो आणि कुठून मागे फिरतो. "काही करू नका. नीट करायला जाऊ नका. नुसतं बघा," रेजिनाबाई सांगायच्या. एकदा तो झोपून गेला आणि घोरला. एकदा छातीशी पोचल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रडू कशाचं ते मात्र कळेना. "कशाचं आहे ते विचारू नका त्याला," त्या म्हणाल्या, "कुठं आहे तेवढं बघा. मनाला विचाराल तर ते लगेच भाषण सुरू करतं." मग त्यांनी त्याला चपला काढून वाडीत पाठवलं. मोटार चालू झाली की पानवेलींमधल्या पाटातून पाणी यायचं, त्यात अनवाणी उभं राहायचं आणि कुठला तळपाय आधी खचतो ते बघायचं. पहिल्या दिवशी त्याला काही कळलं नाही. पाचव्या दिवशी डाव्या पावलाखालची माती सुटली, गार पाणी बोटांच्या बेचक्यांतून वर आलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो घाबरलाच. इतकं बरं वाटायचा आपल्याला हक्क आहे का, असा विचार आला, आणि त्यासरशी पाय पुन्हा नाहीसे झाले.

वाडीत कामाला धोंडूबाई होती. म्हातारी, काळीकुळकुळीत, तोंडाने फटकळ. रेजिनाबाईंनी तिला सांगून त्याला वेली बांधायला लावलं. वाळलेल्या केळीचं सोपट भिजवून त्याच्या पट्ट्या काढायच्या, आणि वर चढणारी वेल आधाराला बांधायची. आत्मारामचा उजवा हात गाठ मारायचा ती अशी करकचून, की वेलीचा देठच चेपायचा. "आवळू नका, बाबा!" धोंडूबाई ओरडायची. "तिला काय जेलात टाकताव? बोट जायला पायजे आतून." तो सोडायचा, पुन्हा बांधायचा. हळूहळू गाठीतून बोट जायला लागलं. मिटलेला हात काम करताना सैल व्हायचा हे त्याने पाहिलं. पण संध्याकाळी घरी, "आलीऽऽऽ" झालं, की पुन्हा मूठ. एक दिवस रेजिनाबाई ओट्यावरून त्याच्याकडे बघत होत्या. "भाऊ, तुम्ही मान अशी डावीकडे का टाकता?" "नाही हो, कुठे?" म्हणत त्याने मान सरळ केली, आणि थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा खांद्याकडे गेली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्या दिवशी दुपारी एकला वाडीत लाइट आली. सकाळपासून मोटार बंद होती, वेली उन्हाने माना टाकायला लागल्या होत्या. रेजिनाबाई आत एका पेशंटपाशी होत्या. धोंडूबाई लांब केळींत होती, तिथून तिने हाक दिली, "बाबा, लाइट आली दिसतंय! मोटारीचं बटन दाबा तेवढं!" मोटारीच्या खोपटात स्टार्टर होता, हिरवं बटण, लाल बटण. आत्माराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मूठ मिटली होती. एरवी तो मुठीकडे बघत बसला असता. पण दीड महिन्याची सवय, तो पायांपासून निघाला. पावलं आहेत, खाली गारसर जमीन. गुडघे ताठ. पोट आत ओढलेलं. श्वास गळ्याशी अडलाय. उजवा खांदा वर. मान… मान डावीकडे. डावा खांदा उचललेला, कानाला भिडायला आलेला, त्यांच्यामध्ये काहीतरी धरलेलं. आणि डावा कान तापलेला, घामेजलेला, दाबून धरलेला. काय धरलंय मी तिथे, असं त्याने विचारलंही नाही. नुसतं बघितलं. आणि मग त्या कानात आवाज आला. सतरा वर्षांच्या रुचिताचा.

बारावीची परीक्षा होती तिची. क्वार्टरमध्ये कारखान्याचा फोन होता. "बाबा, लाइट कधी येणार? उद्या गणिताचा पेपर आहे, उकाड्याने जीव जातोय." रिसीव्हर मानेत धरून त्याने परमिटवर वेळ लिहिली. पोरीवर रुबाब दाखवायचा त्याला मोह झाला. बाप पॉवरहाऊसचा राजा! "तीनपर्यंत मोज," तो म्हणाला, "आली म्हणून समज." रुचिता हसत मोजायला लागली. एक. फोरमनला विचारायचं होतं, दुसरा पोरगा उतरला ना? दोन. नळाचं पाणी वाजत होतं, फोरमन पाच पावलांवर होता. तीन म्हणायच्या आत हँडल वर गेलं. कानात आख्ख्या कॉलनीची आरोळी घुमली, आलीऽऽऽ, आणि तिच्यावरून रुचिताचा आवाज, "आली! थँक्यू बाबा!" चौकशीत त्याने सांगितलं होतं, कॉलनीतून फोन येत होते. खोटं नव्हतं. त्यातला एक कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही, साहेबांना नाही, चंद्रकांताला नाही. इतक्या खोल पुरलं की पुरलंय कुठे तेही विसरला. आठ वर्षं जगाने आणि त्याने मिळून हात चोळला, आणि गुन्हा बसला होता कानात.

धोंडूबाई तरातरा आली. "काय बाबा, झोपलाव का उभ्यानं?" त्याला बाजूला सारून ती खोपटाच्या दारात उभी राहिली आणि विहिरीकडे तोंड करून ओरडली, "पान्यात कोन हाय काय गोऽऽ?" मग थांबली. चांगले दहा-बारा श्वास थांबली. मग तिने बटण दाबलं. "बाहेर वाडीत आपण दोघंच," तो म्हणाला, "विहिरीत कोणी नाही हे माहीत होतं ना तुला?" "माहीत हाय," धोंडूबाई म्हणाली, "तरी इचारायचं असतं. आमच्यात बिनइचारता मोटार कोन चालू करत नाय." आणि ती पाटाकडे गेली, पाणी वळवायला. तो तिथेच खोपटाच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा मोठ्याने रडला. मोटारीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

रेजिनाबाईंना त्याने ओट्यावर बसून सगळं सांगितलं, शत्रुघ्नच्या चपलांसकट. त्यांनी मधे एकही शब्द टाकला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, तुमचा दोष नाही असंही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल त्यांचे उपकार वाटले त्याला. दोष होता. पाच पावलांचा होता. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मुलीला सांगणार?" आत्मारामने पाटातल्या पाण्याकडे पाहिलं. सांगितलं तर हलकं वाटेल, हे त्याला कळत होतं. पण ओझं जाणार कुठे? तिच्या कानात. "नाही," तो म्हणाला, "ती अभ्यास करत होती हो. तिने नुसतं विचारलं. आठ वर्षं मी तिला शिक्षा केली, आणि तिला गुन्हापण माहीत नाही." रेजिनाबाईंनी मान हलवली. "मग आता कान थोडा सैल सोडा," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

पुढच्या खेपेला धोंडूबाईने त्याला पुन्हा स्टार्टरशी उभं केलं. या वेळी त्याने दारातून ओरडून विचारलं. आवाज फाटला, आणि शब्द आले ते असे, "वर कोणी आहे का रेऽऽ? उतरलास का?" धोंडूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वर कोन आसंल? माडावर? पान्यात इचारा, बाबा." "असू दे," तो म्हणाला. तो थांबला, पुष्कळ थांबला, म्हातारी कंटाळून निघून जाईपर्यंत थांबला. उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, आणि यापुढेही कधी येणार नाही, हे त्याला ताठ उभं राहून, दोन्ही पावलांवर सारखं वजन ठेवून कळलं. मग त्याने उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने बटण दाबलं. मूठ मिटली, पण अर्धीच.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चंदनसारला लाइट नव्हती. खिडकीशी थोडा उजेड होता. समोरच्या दाराआड पिंकी काहीतरी मोजत होती, तेरा आणि चौदा गाळून. त्याने हातपाय धुतले, खुर्चीत बसला, आणि फोन वाजला. दोन रिंग. आत्माराम थांबला. बंद झाला नाही. तीन. चार. रुचिता होती. पायाखालची फरशी गार होती. पाच. पोट आत ओढलं गेलं होतं, ते त्याने तसंच राहू दिलं. सहा, सात. मान डावीकडे निघाली होती, ती त्याने दटावली नाही, नुसती पाहिली, आणि ती आपली आपण परत आली. नवव्या रिंगला त्याने रिसीव्हर उचलला आणि डाव्या कानाला लावला.

"हॅलो."

इतकी वर्षं बाबा आंघोळीला गेलेत एवढंच ऐकलेल्या पोरीला आधी खरंच वाटलं नसणार. मग बारीक आवाजात, "बाबा? तुम्ही उचललात?"

"हो. मीच."

"बरे आहात ना? हात कसा आहे?" आणि मग, गप्प राहिलो तर हे ठेवून देतील अशा घाईने, "इथे ना लाइट गेलीय, बाबा. आयुष घामाने नुसता निथळतोय, आई वारा घालतेय त्याला. लाइट कधी येणार कोण जाणे."

कान तापला. आठ वर्षांची सगळी धग त्या एका पाळीत उतरली. आत्मारामचा उजवा हात मांडीवर होता, बोटं आत वळायला लागली. त्याने श्वास घेतला, तो पार पोटापर्यंत गेला.

"येईल," तो म्हणाला, "वर कोणी काम करत असेल बेटा. ते उतरलं की येईल."

बापाच्या आवाजात काय होतं ते तिला कळायचं कारण नव्हतं.

"मग येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "घाई कुठंय? मी काही फोन ठेवत नाहीये."